वन्संच्या बाटल्यांतली खाडी

वन्सं गेल्या तेव्हा मी गच्चीवर मिरच्या उलथत होते. चैत्रातलं ऊन, खाली तालमीच्या पोरांचा फुटबॉलवरून चाललेला वाद आणि नाकातोंडात मिरचीचा खकाणा... त्यात फोन वाजला तो मला आधी ऐकूच आला नाही. सकाळी त्या रक्तदाब तपासायला नेहमीच्या दवाखान्यात गेल्या होत्या, रिक्षाही नको म्हणाल्या. "येताना कोथिंबीर घेऊन येतो," असं दारातून सांगून गेलेल्या. आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, तरी घरात त्या आमच्याकडच्या बायका बोलतात तशाच 'येतो, जातो' म्हणायच्या. फोन दवाखान्यातून होता. बाकावर बसल्या बसल्या त्या कलंडल्या आणि डॉक्टर आतून बाहेर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तशीच तिखटाच्या हातांनी निघाले. डोळ्यांना हात लावायची सोय नव्हती, त्यामुळे त्या दिवशी मी नीट रडलेही नाही. जमलेल्या लोकांना वाटलं असेल, शेवटी भावजयच ती.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शशिकला. लग्न केलं नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत त्या राहायला आल्या आणि राहिल्याच. पुढे माझी मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, मग हे गेले, आणि घरात आम्ही दोघीच उरलो. आमचं सख्य होतं असं मी म्हणणार नाही. भाजीत मीठ किती इथपासून पंखा किती वर इथपर्यंत आमचं कशावरही जमायचं नाही. पण संध्याकाळचा चहा मात्र एकमेकींशिवाय कधी झाला नाही... आता होतो, आणि निम्मा तसाच राहतो. भेटायला येणारे लोक फोटोपुढं हात जोडायचे, पाणी प्यायचे आणि जाताना हळूच विचारायचे, "बाई नेमकं काय करायच्या हो?" गल्लीत त्यांना सगळे 'समुद्राच्या बाई' म्हणायचे. समुद्र कुठं, कोल्हापूर कुठं. घाट उतरून अर्धा दिवस प्रवास करावा तेव्हा खारं वारं लागतं. तर बाई काय करायच्या, ते सांगायला आता मीच उरले आहे आणि माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं. जमेल तसं सांगते.

समुद्राच्या आणि खाडीच्या तळाशी जो चिखल असतो ना, त्याच्यात डोळ्यांना न दिसणारे इवले इवले जीव राहतात. त्यांचं शास्त्रातलं नाव फोरामिनिफेरा. माझी जीभ काही त्या नावाला वळली नाही, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव 'बारकी मंडळी'. या मंडळींना हात नाही, पाय नाही, डोकं नाही, पण स्वतःचं घर बांधायची भारी हौस. चुन्याचं कवच. आधी एक खोली, मग तिला लागून दुसरी, मग तिसरी, जागा कमी पडेल तसं बांधकाम वाढवत न्यायचं. "अगदी आपल्या पेठेसारखं," असं मी म्हटलं तेव्हा वन्सं खळखळून हसल्या होत्या. पाणी चांगलं असेल तर या खोल्या देखण्या, एकाला एक लागून, शंखासारख्या वळत जातात. पाण्यात काही वाईट मिसळलं की नाजूक जातीची मंडळी आधी नाहीशी होतात, चिवट तेवढी माजतात, आणि काहींच्या खोल्या वेड्यावाकड्या होतात. म्हणजे पाण्यात काय चाललंय ते या मंडळींना विचारायचं. वन्संनी जन्मभर तेवढंच केलं.

त्यांनी मला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं तेव्हा मी पोळ्या अर्धवट टाकून, हात पिठाचे घेऊन वर गेले होते. "सुमन, हिकडं ये. हात लावू नकोस, नुसती बघ की," म्हणाल्या. मी डोळा लावला. काळ्या पाटीवर पांढरीशुभ्र नक्षी मांडून ठेवली होती, एकेक कण वेगळा. त्यातले काही गुलाबी. खाडीतून चिखल काढला की त्यात लगेच एक गुलाबी पूड घालतात. जो जीव त्या वेळी जिवंत असतो तो रंग पितो, मेलेल्यांची कवचं पांढरीच राहतात. चिखल सपिठाच्या चाळणीहूनही बारीक चाळणीत धुवायचा, वाळवायचा आणि मग दोन-चार केसांच्या कुंचल्यानं एकेक कण उचलायचा. कुंचल्याचं टोक ओलं करायला वन्सं ते सरळ जिभेला लावायच्या. "अहो, समुद्राचा गाळ खाताय तुम्ही," मी ओरडायचे. "तुझ्या आमटीपरीस बरा लागतोय," असं उत्तर यायचं. माझी एक चांगली पातेली त्या पुडीनं कायमची गुलाबी झाली, त्यावरून आमचं आठवडाभर बोलणं बंद होतं.

या बाईला चिखलाचं वेड लागलं कसं, हे मला त्या मोठ्या पुराच्या वर्षी कळलं. त्यांचं मूळ घर, म्हणजे माझं सासर, शिरोळचं. कृष्णेचं पाणी घरात शिरलं, माळ्यापर्यंत गेलं आणि ओसरलं तेव्हा सगळ्या घरात गुडघ्याएवढा गाळ. आम्ही सगळे फावडी-घमेली घेऊन लागलो. कोण ट्रंकेसाठी रडतंय, कोण म्हशीसाठी. आणि वन्सं देवघराच्या कोपऱ्यात उकिडव्या बसून सुरीनं गाळाची एक चौकोनी वडी कापून काढत होत्या. मी खराटा घेऊन उभीच राहिले. मला म्हणाल्या, "हे बघ, खालचा थर जाड हाय, पानी जोरात आलं तवाचा. वरचा बारीक, थांबून ऱ्हायलं तवाचा. कुणी न सांगता लिवलंय बघ सगळं." लहानपणी दर पुरानंतर त्या असंच करायच्या आणि आईचा मार खायच्या, असं नंतर ह्यांनी सांगितलं. मला त्या वेळी रागच आला होता. आता वाटतं, ज्या माणसाला नुकसानीतही बघण्यासारखं काही सापडतं, ते माणूस घरात असलेलं बरं असतं.

त्यांची खाडी कोकणातली. नाव लिहीत नाही. वर काही अंतरावर एक रसायनांचा कारखाना आणि खाली मुखाजवळ एक वाडी. वाडीतल्या बायका ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या, त्यावर त्यांची चूल चालायची. तिसऱ्या कमी होत गेल्या, हाताला लागायच्या त्यांचे शिंपले पातळ. बायकांनी कारखान्याविरुद्ध तक्रार केली. पण नुसतं 'पाणी वाईट झालं' म्हणून कोण ऐकतो? तिथं वन्सं पोचल्या. वाडीतले सदाभाऊ त्यांना होडीतून न्यायचे, वन्सं ठिकठिकाणचा चिखल काढायच्या, बाटल्या भरायच्या आणि पिशव्यांमधून घाट चढून कोल्हापुरात आणायच्या. मी एकदा गेले होते बरोबर. काय मान होता! चहा झाल्याशिवाय होडी हलायची नाही. एक म्हातारी त्यांचा हात धरून म्हणाली, "बाय, आमी बोलतो ता कोण मानीत नाय. तू बोललीस की मानतील." परत येताना वन्सं गाडीभर बाटल्यांची पिशवी मांडीवर धरून होत्या. एवढा भरवसा अंगावर पडला की माणूस जपूनच बसतं.

ज्या हंगामातल्या चिखलावर बायकांच्या तक्रारीसाठीचा त्यांचा अहवाल उभा राहिला, तो ह्यांच्या शेवटच्या आजारपणाचा हंगाम. वन्सं रात्री दवाखान्यात भावाच्या उशाशी बसायच्या, सकाळी मी गेले की कॉलेज, आणि मध्येच एकदा, भरती-ओहोटीचा दिवस चुकू नये म्हणून, धावतपळत कोकणात जाऊन बाटल्या भरून आल्या. पुढं हे गेले. दिवसकार्य झाल्यावर वन्सं वरच्या खोलीत गेल्या त्या महिनोन्‌महिने त्या बाटल्यांवरच बसून होत्या. खाली आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. कवचं विरघळलेली सापडली होती. खडबडीत, भोकं पडलेली, कितीतरी तर नुसतेच तुकडे. पाण्यात आम्ल उतरल्याशिवाय असं होत नाही, असं त्यांनी अहवालात लिहिलं. वाडीत पेढे वाटले म्हणे. आमच्या घरीही सदाभाऊ ओले काजू घेऊन आले होते.

त्यानंतर वर्ष उलटून गेलं असेल. वन्संची एक पद्धत होती. प्रत्येक जागेचा थोडा चिखल त्या बाटलीत न घालता नुसता उन्हात वाळवून ठेवायच्या, कणांचा जाडबारीकपणा तपासायला. आमच्या गच्चीवर माझ्या मिरच्यांच्या शेजारी ताटल्यांमधून हा चिखल वाळायचा आणि मांजरं दोन्हीकडून शिंकत पळायची. तसली त्या हंगामातली एक पुडी माळ्यावर राहिली होती. कुणा विद्यार्थिनीला सरावाला काहीतरी हवं होतं म्हणून वन्संनी ती काढली, सहज पाटीवर पसरली आणि डोळा लावला... दुपारी मी जेवायला हाका मारून दमले. शेवटी खाली आल्या, ताटावर बसल्या आणि भाकरीला हातच लावेनात. मी म्हटलं, "बरं वाटत नाही का?" तर म्हणाल्या, "सुमन, कवचं धड हायती. पुडीतली समदी धड हायती. तीच जागा, त्योच दिवस. बाटलीतली तेवढी खाल्लेली."

मला काही उमगेना, तेव्हा त्यांनी सांगितलं. चिखल कुजू नये म्हणून बाटलीत फॉर्मालिन घालतात. फॉर्मालिन ठेवलं की हळूहळू आंबट होतं आणि आंबट झालं की चुना खातं. म्हणून त्यात टाकणखार घालून आंबटपणा मारावा लागतो. या कामातला हा पहिला धडा, आणि वन्सं तो पोरींना दरवर्षी शिकवायच्या. त्या एका हंगामात, दवाखाना आणि कोकण यांच्या धावपळीत, टाकणखार घालायचाच राहिला होता. "खाडीनं न्हाय खाल्ली कवचं," त्या म्हणाल्या, "माझ्या बाटलीनं खाल्ली." भावाच्या आजारपणाचं नाव त्यांनी तेव्हाही काढलं नाही आणि नंतरही कधी नाही. मी मात्र मनातल्या मनात हिशेब लावला आणि ह्यांच्या फोटोकडं बघत बसले.

बायकांचं सगळं प्रकरण त्या अहवालावर टेकलेलं होतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी विचारलं, "कुणाला कळणार आहे का?" त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या कंपनीनं कुणाला तरी धाडून नवा चिखल तपासला की कळंल. मग ह्या बायांचं खरं असंल ते बी खोटं ठरंल. आन् कळो न कळो, मला आता म्हाईत हाय की." जिथं ते प्रकरण चाललं होतं तिथं त्यांनी स्वतः लिहून दिलं की माझ्या कामात चूक झाली आहे, निष्कर्ष मागं घेते. कॉलेजातले दोघं-तिघं समजावून गेले, एवढं टोकाला जायची गरज नव्हती म्हणाले. त्यांना चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही.

आणि मग त्या वाडीत निघाल्या. टपालानं कळवलं असतं तर चाललं असतं. पण नाही, तोंडानंच सांगायचं. मी एकटीला जाऊ दिलं नाही. गगनबावड्याचा घाट उतरेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. शाळेच्या पडवीत बायका जमल्या होत्या, काहीतरी चांगली बातमी असेल म्हणून नटून आलेल्या. वन्संनी उभं राहून सगळं सांगितलं, बाटलीचं, टाकणखाराचं, काही न लपवता. मग एकीनं विचारलं, "म्हंजे कंपनीचा पाणी चांगला हाय?"

"तसं नाही म्हणत मी," वन्सं म्हणाल्या. "पाणी कसं आहे ते मला अजून माहीत नाही, एवढंच."

"माहीत नाय, ह्यां सांगूक इतक्या लांब इलात?"

कुणी हसलं नाही, कुणी भांडलंही नाही. एकेक बाई उठून गेली. सदाभाऊ खांबाला टेकून उभे होते, तेही पायऱ्या उतरले. आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही. एस.टी.ची वाट बघत आम्ही फाट्यावर बसलो, तिथं मी डब्यातल्या दशम्या काढल्या तर वन्सं म्हणाल्या, "तू खा." घरी पोचल्यावर वर गेल्या आणि दार लावून घेतलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. आतून रडण्याचा आवाज आला असता तर वर गेले असते... पण आवाज आला नाही, आणि जावं की न जावं हे मला ठरवता आलं नाही.

काही दिवसांनी कारखान्यातल्या कुणा साहेबाचा फोन आला. बाईंच्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक वाटलं, म्हणाला. वन्संनी फोन ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सुमन, आता शाबासकी द्यायला ह्योच एक ऱ्हायला बघ." हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात एकटं वाक्य. प्रकरण ढिलं पडत पडत बारगळलं. परिसंवादांची बोलावणी थांबली. गल्लीत कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे कुणी टोचून बोललं नाही आणि कुणी सांत्वनही केलं नाही.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या ओहोटीला बाईंची पिशवी तयार. सदाभाऊंना फोन केला तर उत्तर आलं, "होडी मोडली हाय." त्या तरीही गेल्या. होडी पाण्यात धडधाकट डुलताना दिसत होती, असं आल्यावर सांगितलं. मग त्या पलीकडच्या काठानं, ओहोटीच्या चिखलातून चालत जायला लागल्या. साठी उलटलेली बाई, गुडघाभर गाळात, गळ्यात पिशवी. एकदा मी काठावर त्यांच्या चपला धरून उभी होते. त्या एवढ्या लांब गेल्या की नुसता ठिपका दिसायचा, आणि त्या सबंध खाडीत दुसरं माणूस नाही. मला फार भीती वाटली. पाऊल रुतून पडल्या तर मी काय करणार होते, मला तर पोहताही येत नाही.

असे कितीतरी हंगाम. आता प्रत्येक बाटलीत टाकणखार आधी पडायचा, मग फॉर्मालिन. हळूहळू पाटीवर वेगळंच दिसायला लागलं. कारखान्याचं पाणी जिथं मिळतं त्या अंगाला मंडळी जिवंत होती, गुलाबी होती, पण खोल्या वाकड्या. एखाद्याची शेवटची खोली भलतीकडंच फुटलेली, एखाद्याला दोन तोंडं. मुखाकडं यावं तशी ती सुधारत जायची. बायका खोटं बोलत नव्हत्या. मी म्हटलं, "आता तरी लिहा." तर म्हणायच्या, "अजून एक हंगाम बघतो." एकदा पोळलेलं माणूस. दरवर्षी अजून एक हंगाम. गेल्या दिवाळीनंतर मात्र त्यांनी त्या वाकड्या मंडळींचे मोठे फोटो छापून घेतले, जागेच्या खुणा मराठीत लिहिल्या आणि वाडीच्या शाळेत सदाभाऊंच्या नावानं पाठवले. वाडीतून काही कळलं नाही. वन्संनी वाट बघितली असणार, कारण त्या दिवसांत फोन वाजला की त्या माझ्याआधी उठायच्या.

आता घरात फोन वाजला तरी उठायची घाई नसते. वरच्या खोलीला मी हात लावलेला नाही. मुलगी म्हणते, "आई, पुण्याला ये." तिला म्हटलं, मिरच्यांचं कूट व्हायचंय. ते होऊनही बरेच दिवस झाले. जेवण एकटीचं काय करायचं, म्हणून वरण-भात. मीठ किती यावर बोलायला कुणी नाही, आणि मला कबूल करायला हवं, हल्ली ते माझ्याकडूनच जास्त पडतं. त्यांचा मोबाइल मी रोज चार्ज करते. का करते, विचारू नका. बंद पडलेला बघवत नाही.

मागच्या आठवड्यात तो वाजला. दुपारची वेळ, मी आडवी झाले होते. पडद्यावर नाव आलं, 'सदाभाऊ होडी'.

"बाई हायत काय?" ते म्हणाले. मी कोण ते सांगितलं. "मग त्यांना सांगा, येत्या पुनवेच्या ओहोटीला मी होडी लावतो. पलीकडनं चिखलातनं चालत येऊ नका म्हणावं. वय झाला आता त्यांचा." आणि पुढं, "फोटो शाळेत लावलेत आमी. बायका रोज बघतत."

मला सांगावं लागलं. मग म्हणाले, "मी वाईट वागलो त्यांच्याशी." मी नुसतं हं म्हटलं. त्यांनी विचारलं, "मग ह्या खेपेचा चिखल? त्यांच्या रिकाम्या बाटल्या हायत माझ्याकडं, मागच्या. भरून ठेवू काय?"

"भरून ठेवा," मी म्हटलं.

"पन बघनार कोण?"

कोण बघणार... कॉलेजातली त्यांची जागा भरलेलीच नाही. त्यांनी शिकवलेल्या पोरी कुठं कुठं नोकरीला लागल्या. मी एवढंच म्हणाले की तुम्ही भरा, मी न्यायला येते. फोन ठेवल्यावर बसस्थानकात जाऊन कोकणात उतरणाऱ्या गाडीची वेळ विचारून आले. चिखल घरी आणून मी काय करणार आहे, हे मला अजून माहीत नाही.